जमीन विकण्याआधी तो एक रिपोर्ट मागा

पत्र : आमचे अण्णा ५४ वर्षांचे आहेत, शेती करतात. उन्हाळ्यात रक्त कमी झालं म्हणून गोळ्या चालू होत्या. हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा दुर्बीण घातली. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, अगदी सुरुवातीच्या भागात गाठ निघाली. बायोप्सीत कॅन्सर आला आणि सीटी स्कॅनमध्ये यकृतात तीन ठिकाणी पसरलेला दिसला. इथल्या डॉक्टरांनी फोलफॉक्स केमो आणि सोबत बेव्हासिझुमॅब सांगितलंय, पुढच्या आठवड्यात सुरू करायचंय. आमचे दाजी न्यू जर्सीला असतात. त्यांनी बातमी पाठवली की केमोसोबत इम्युनोथेरपी दिली तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका निम्मा होतो. पुण्यातल्या एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, जोडता येईल, पण एका डोसचा खर्च लाखात जाईल. काकांनी विहिरीजवळच्या दोन एकराला गिऱ्हाईक बघितलंय, विसार घ्यायचं चाललंय. अण्णांना अजून 'आतड्याला सूज आहे' एवढंच सांगितलंय. आई म्हणते, आमच्या घराला हे लागलेलंच आहे. आजोबा ४८व्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेले, आत्याची गर्भाशयाची पिशवी कॅन्सरमुळे काढली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जमीन विकून इम्युनोथेरपी जोडावी का? — एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

विसार घेऊ नका. काकांना आजच फोन करा आणि पंधरा दिवस थांबा म्हणून सांगा. गिऱ्हाईक खरं असेल तर पंधरा दिवसांनीही येईल.

तुम्ही पाठवलेले सगळे कागद मी वाचले. बायोप्सी आहे, सीटी आहे, रक्ताचे रिपोर्ट आहेत, सीईए ही कॅन्सरची खूण बघणारी रक्ततपासणीही आहे. मी जे शोधत होते ते मात्र त्यात कुठेच नाही. एमएमआर नावाची एक तपासणी असते. त्याच बायोप्सीच्या तुकड्यावर करतात, खर्च काही हजारांचा, निकाल साधारण आठवडाभरात. तुम्ही मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या एका रिपोर्टमध्ये आहे. तो हातात नसताना 'जोडा' म्हणणं आणि 'जोडू नका' म्हणणं, दोन्ही अंदाजपंचे.

तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून तुमच्याच कामातलं उदाहरण घेते. आपली प्रत्येक पेशी दुभागताना आपला सगळा जनुकीय मजकूर पुन्हा उतरवून काढते, आणि उतरवताना चुका होतातच. त्या तपासून लाल शाईने दुरुस्त करणारी चार प्रथिनं आहेत : एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. एमएमआर तपासणी हीच चारही जागेवर आहेत का ते बघते. यातलं एखादं नसलं की वह्या तपासल्याच जात नाहीत, चुका हजारोंनी साठतात. अशा पेशींतून कॅन्सर होतो, पण त्या चुकांमुळेच तो कॅन्सर शरीराच्या सैनिकपेशींना परका दिसतो. त्या गाठीभोवती गोळा होतात. गाठ त्यांना आत शिरल्यावर थोपवून धरते, एक ब्रेक दाबून. इम्युनोथेरपीची औषधं तो ब्रेक सोडवतात. हा ब्रेक शोधणाऱ्या जेम्स अॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

पण आतड्याचा कॅन्सर दुसऱ्या अवयवांत पसरलेल्या शंभर रुग्णांत ही चार प्रथिनं बिघडलेले चार-पाचच असतात. उरलेल्या पंच्याण्णवांत चारही शाबूत असतात. त्यांच्या गाठीत चुका कमी, म्हणून सैनिकपेशी तिकडे फारशा फिरकतच नाहीत. गाडीला बैलच जुंपलेले नाहीत, तर ब्रेक सोडून गाडी कशी हलणार? २०१५ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दोन्ही गटांतल्या रुग्णांना एकटंच देऊन पाहिलं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये प्रथिनं बिघडलेल्या दहांपैकी चौघांच्या गाठी आटल्या. प्रथिनं शाबूत असलेल्यांत एकाचीही नाही. इतका स्वच्छ फरक आमच्या क्षेत्रात क्वचित दिसतो.

आता दाजींनी पाठवलेली बातमी. ती खोटी नाही. जून २०२५ मध्ये शिकागोच्या मोठ्या परिषदेत हा अभ्यास मांडला गेला. ७१२ रुग्णांपैकी निम्म्यांना नुसती फोलफॉक्स दिली, निम्म्यांना तिच्यासोबत अॅटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध. तीन वर्षांनंतर कॅन्सर न परतलेले दुसऱ्या गटात सुमारे ८६ टक्के होते, पहिल्यात ७६-७७. 'धोका निम्मा' हे यातूनच आलं. पण त्या ७१२ मधल्या प्रत्येकाची एमएमआर प्रथिनं बिघडलेली होती. शिवाय सगळ्यांचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यातला होता, म्हणजे गाठ शस्त्रक्रियेने काढून झालेली आणि कुठेही दूर न पसरलेली. अण्णांचा यकृतात आहे. फोनवर फिरणाऱ्या बातमीत हे दोन तपशील गळून पडतात आणि ते गळाले की इकडे जमिनी विकल्या जातात. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या बारा रुग्णांच्या गुदाशयातल्या गाठी डोस्टारलिमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने नाहीशा झाल्याची बातमी सगळीकडे फिरली, तेव्हाही असंच झालं. त्या बाराही जणांची हीच प्रथिनं बिघडलेली होती.

मग प्रथिनं शाबूत असलेल्यांसाठी केमो आणि इम्युनोथेरपी एकत्र देण्याची कल्पना आली कुठून? ती मुळात वेडगळ नव्हती, म्हणून तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांवर मी राग धरणार नाही. केमोने पेशी फुटतात, त्यांचे तुकडे विखुरतात, सैनिकपेशींना सुगावा लागतो. फोलफॉक्समधल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाबद्दल तर प्रयोगशाळेत हे नीट दिसलं आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ही जोडी इतकी चालली की आज ती तिथली नेहमीची पद्धत आहे. आतड्यात मात्र ती आशा फळली नाही. अण्णांना सांगितलेल्या औषधांवर, म्हणजे फोलफॉक्स आणि बेव्हासिझुमॅबवर, निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध जोडून १९५ रुग्णांत पाहिलं गेलं. आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ दोन्ही गटांत ११.९ महिने आला. इटलीतल्या डॉक्टरांनी तीन केमो औषधांच्या कडक मिश्रणासोबत अॅटेझोलिझुमॅब दिलं, २१८ रुग्णांत. तिथे ११.५ चे १३.१ महिने झाले. म्हणजे जेमतेम दीड महिना, तोही सगळ्यांना झेपणार नाही अशा केमोसोबत. कोणाला थोडा जास्त फायदा होतो ते शोधण्याचं काम चालू आहे आणि त्या संशोधकांबद्दल मला आदर आहे. पण दीड महिन्यासाठी विहिरीजवळचं रान विकायला मी तुम्हाला सांगणार नाही. कुणीही सांगू नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून रिपोर्टमध्ये चारही प्रथिनांपुढे 'इंटॅक्ट' किंवा 'रिटेन्ड', म्हणजे शाबूत, असा शब्द आला, तर इथल्या डॉक्टरांनी सांगितलेलीच केमो घ्या आणि मनात रुखरुख ठेवू नका. पैशाअभावी अण्णांना काहीतरी मोठं द्यायचं राहून गेलं, असं होणार नाही. आजच्या केमोवर असे बरेच रुग्ण दोन वर्षांच्या पुढे जातात. शिवाय यकृतात तीनच गाठी आहेत. त्या कुठे आहेत यावर अवलंबून, केमोने आटल्या तर शस्त्रक्रियेने काढता येतील का, हे यकृताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला आत्ताच विचारायचं, सहा महिन्यांनी नाही. पैसा लागलाच तर तो तिथे लागू द्या. त्याच तुकड्यावर केआरएएस, एनआरएएस आणि बीआरएएफ या जनुकांच्या तपासण्याही करून घ्या. पुढची औषधं त्यावर ठरतात.

पण तुमच्या पत्रातली एक ओळ मला स्वस्थ बसू देत नाही. तुम्ही ती आईच्या नावावर लिहिलीत, 'घराला लागलेलंच आहे' म्हणून. आजोबा ४८व्या वर्षी पोटाच्या दुखण्याने. आत्याला गर्भाशयाचा कॅन्सर. अण्णांना ५४व्या वर्षी, तोही आतड्याच्या उजव्या बाजूला. ताई, ही करणी नाही की कुणाची नजर नाही. १८९५ मध्ये मिशिगनमध्ये शिवणकाम करणाऱ्या एका बाईने वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांना सांगितलं होतं की आमच्या घरातले बहुतेकजण पोटाच्या नाहीतर बायकांच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाईन. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, तिच्या घराण्याची नोंद ठेवली, आणि पुढे त्यातून लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक आजार उलगडला. त्यात याच चार प्रथिनांपैकी एखाद्याचं जनुक जन्मापासून बिघडलेलं असतं. आतडं आणि गर्भाशय या त्याच्या नेहमीच्या जागा. अण्णांना तोच आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या घराचा इतिहास असा आहे, तिथे एमएमआर न करता पुढे जाणं मला पटत नाही. तुमच्या बाबतीत 'शंभरात चार-पाच' हा हिशेब तसाच्या तसा धरता येणार नाही.

रिपोर्टमध्ये 'लॉस', म्हणजे चारांतलं एखादं प्रथिन गायब, असा शब्द आला तर घरात रडारड होईल. इंग्रजीत 'लॉस' वाचलं की माणूस खचतो, तसं होऊ देऊ नका. या आजारात, या एका रिपोर्टपुरती, ती चांगली बातमी आहे. मग इम्युनोथेरपी 'जोडायची' का हा प्रश्नच बदलतो, कारण ती पहिली येते आणि पुष्कळदा केमोशिवाय येते. ३०७ रुग्णांच्या अभ्यासात आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ पेम्ब्रोलिझुमॅबवर १६.५ महिने होता, केमोवर ८.२. पाच वर्षांनी पेम्ब्रोलिझुमॅबच्या गटात शंभरातले ५५ हयात होते, केमोच्या गटात ४४. केमो गटातल्यांपैकी अनेकांना नंतर इम्युनोथेरपी मिळाली होती, तरीही हा फरक राहिला. गंभीर त्रास झाला तो केमोवर शंभरात ६६ जणांना आणि इम्युनोथेरपीवर २२ जणांना. पुढे निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन औषधं एकत्र देऊन पाहिली, तेव्हा दोन वर्षांनंतर आजार न वाढलेले ७२ टक्के निघाले. केमोवर १४.

यालाही एक काळी बाजू आहे. पेम्ब्रोलिझुमॅब घेतलेल्या शंभरातल्या २९ जणांची गाठ औषधाला न जुमानता वाढतच गेली. केमोवर असे १२ होते. अशा रुग्णांना सुरुवातीला केमोचा टेकू द्यावा का, की इम्युनोथेरपीची दोन औषधं एकदम द्यावीत, हा तज्ज्ञांचा खरा प्रश्न आहे. रिपोर्ट 'लॉस' आला तर तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवायचा प्रश्नही हाच. गाठीमुळे आतडं बंद होत आलं असेल किंवा यकृताचं काम ढासळत असेल, तर उत्तर वेगळं येऊ शकतं. ते समोर रुग्ण असलेल्या डॉक्टरांनीच द्यायचं.

आठवडाभर रिपोर्टची वाट बघताना केमो थांबवायची का? अण्णांना रक्तस्राव आहे, अशक्तपणा आहे. इथले डॉक्टर थांबू नका म्हणाले तर पहिला डोस होऊ द्या. रिपोर्ट आल्यावर दिशा बदलता येते, एका डोसने ती वाट बंद होत नाही. आणि एक खुलासा करते, कारण नावं सारखी असतात : बेव्हासिझुमॅबच्या शेवटी 'मॅब' असलं तरी ती इम्युनोथेरपी नाही. ते गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखतं.

घरी लागणाऱ्या दोन-चार गोष्टी. फोलफॉक्सनंतर काही दिवस थंड पाणी, फ्रिजचं ताक, पहाटे मोटार चालू करायला जाऊन गार पाइपला हात लावणं, हे सगळं बंद. बोटांत आणि घशात झिणझिण्या येतात, घसा आवळल्यासारखा वाटतो. त्यातलं एक औषध छोट्या पंपातून ४६ तास चालतं. तेवढा वेळ रानात जायचं नाही. ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना. आणि कधी इम्युनोथेरपी सुरू झालीच, तर जुलाबांकडे वेगळ्या नजरेने बघायचं. केमोचे जुलाब बहुधा गोळीने थांबतात. इम्युनोथेरपीत सैनिकपेशी स्वतःच्याच आतड्यावर चालून गेलेल्या असू शकतात, तिथे स्टिरॉइड लागतं आणि उशीर अंगाशी येतो. दोन्ही एकत्र चालू असतील तर जुलाब कशाचे हे डॉक्टरांनाही चटकन कळत नाही. जोडण्याची ही किंमत खर्चाच्या कागदावर लिहिलेली नसते. खोकला, दम, थायरॉइड, काविळीची लक्षणं, यांतलं काहीही दिसलं तर आधी 'इम्युनोथेरपी चालू आहे' हे सांगायचं, गावातल्या डॉक्टरांनासुद्धा.

इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणं, असं समजून घरोघरी काढे सुरू होतात. तुमच्याकडेही कुणीतरी गुळवेल आणून देईल, मायेनेच देईल. नको म्हणा. २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. अण्णांच्या यकृतावर आधीच भार आहे.

पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि यातली कोणती औषधं पॅकेजमध्ये बसतात ते लिहून घ्या, तोंडी ऐकून परत येऊ नका. इम्युनोथेरपी खरोखर लागणार असेल तर कंपन्यांच्या रुग्णसहाय्य योजनांबद्दल डॉक्टरांनाच विचारा, आणि कागद घेऊन परळला टाटा रुग्णालयात एकदा मत घ्या. कुणी 'कमी डोसची इम्युनोथेरपी' सुचवेल. टाटाच्याच डॉक्टरांनी निवोलुमॅबची अगदी छोटी, २० मिलिग्रॅमची मात्रा तोंड आणि घशाच्या कॅन्सरमध्ये देऊन दाखवली. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. आपल्यासारख्या देशासाठी ते फार मोलाचं काम आहे. पण तो आजार वेगळा. चारही प्रथिनं शाबूत असलेल्या आतड्याच्या कॅन्सरला ते लागू होत नाही, डोस स्वस्त झाला म्हणून औषध चालू लागत नाही. 'लॉस' असेल आणि पूर्ण मात्रा परवडणार नसेल, तर मात्र हा विषय डॉक्टरांकडे जरूर काढा. कुणी पीडी-एल१ ची, म्हणजे तो ब्रेक दाबणाऱ्या प्रथिनाची, तपासणी सुचवली तर ती एमएमआरऐवजी स्वीकारू नका. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ती निर्णयाला उपयोगी पडत नाही.

आणि अण्णा. ताई, ज्या दोन एकरांचा सौदा चाललाय ते त्यांचे आहेत आणि पोटातली गाठही त्यांचीच. सातबारा त्यांच्या नावावर, सही त्यांचीच लागणार. तेव्हा 'सुजेसाठी' रान विकतो असं सांगणार का? माझ्या ओपीडीत असे किती तरी शेतकरी आले की ज्यांना घरच्यांनी काही सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना सगळं माहीत होतं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस कुठल्या आजारासाठी बसलाय हे माणूस बघत असतो. तो फक्त तुमच्या तोंडून यायची वाट बघतो, नाहीतर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून स्वतःच गप्प राहतो. सगळे आकडे सांगू नका. 'अण्णा, गाठ आहे, कॅन्सरची आहे, औषध आहे, आणि पुढचं ठरवायला तुम्ही लागता' एवढं पुरे. आईला शेजारी बसवा. काकांना नंतर बोलवा.

'लॉस' आला तर तुमचंही काम निघतं. एमएलएच१ गेलेलं असेल तर आधी गाठीवर आणखी एक-दोन तपासण्या लागतात, कारण ते जन्मजात नसतानाही जाऊ शकतं. मग अण्णांच्या रक्ताची जनुक-तपासणी. त्यात बिघाड सापडला तर तो तुमच्याकडे आणि तुमच्या भावंडांकडे आला असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. ज्यांच्यात तो आहे त्यांची एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतड्याची तपासणी होते, विशी-पंचविशीपासूनच, आणि गाठी मोहरीएवढ्या असतानाच निघून जातात. आजोबांना आणि आत्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आत्यांच्या मुलांचा फोन नंबर शोधून ठेवा.

सोमवारी बायोप्सी झाली तिथल्या पॅथॉलॉजी विभागात जा. बायोप्सी नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी : 'एमएमआर, आयएचसी, चारही प्रथिनं.' त्यांच्याकडे तपासणी होत नसेल तर पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, मागा. स्लाइड नाही, ब्लॉक. तो रुग्णाला मिळतो, एक सही करावी लागते. उन्हात गाडीवर ठेवू नका, मेण वितळतं. आणि रिपोर्ट आला की मला पाठवा.